चित्रातला देवमासा कुठे गेला?

हिवाळ्यातला समुद्रकिनारा. आभाळ करडं, समुद्रही तसाच. माणसांनी अंगभर जाड कपडे घातलेत, म्हणजे वारा बोचरा असणार. अशा हवेत शहाणा माणूस शेकोटीजवळ बसेल, पण इथे वाळूवर घोळके उभे आहेत. काहीजण तर उंचवट्यावर चढून बघतायत. बघतायत कशाकडे? समोर वाळू आहे, पाणी आहे, बाकी काही नाही.

हे चित्र हेंड्रिक व्हान अँथोनिसेन या डच चित्रकाराने १६४१ च्या सुमारास काढलं. किनारा हॉलंडमधल्या स्खेव्हेनिंगेनचा. १८७३ मध्ये एका पाद्र्याने ते केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमला देऊन टाकलं. पुढे एकशे चाळीस वर्षं येणारे-जाणारे त्याच्यापुढे उभे राहिले, आणि या गर्दीचं काय चाललंय हे कोणी फारसं विचारलं नाही. चित्रातली माणसं उगाच उभी असतात, असंच आपण धरून चालतो.

२०१४ मध्ये शान क्वांग ही चित्रसंवर्धन शिकणारी विद्यार्थिनी या चित्रावरचं पिवळं पडलेलं वॉर्निश काढत होती. साफ करता करता क्षितिजाजवळ एक माणूस उगवला. तो हवेत उभा होता! त्याच्या बाजूला शिडासारखं काहीतरी दिसू लागलं. ते शीड नव्हतं, पर होता. थोडं थोडं खरवडत गेल्यावर अख्खा देवमासा वाळूत पडलेला निघाला, आणि हवेतला माणूस त्याच्या पाठीवर उभा होता.

म्हणजे गर्दी उगाच नव्हती. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा वाळूवर जशी माणसं गोळा झाली, तशीच ही गोळा झाली होती. फरक इतकाच, की गणपतीपुळ्याला ते पिल्लू परत पाण्यात ढकलायला माणसं दोन दिवस राबली. ते वाचलं नाही ती गोष्ट वेगळी.

वरचा रंग निघाला आणि खालचा कसा राहिला?

पाण्यातले रंग पाणी उडून गेलं की वाळतात. तैलरंगाचं तसं नाही. त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होत जातं. याचा नमुना आपल्या स्वयंपाकघरातच असतो. शेगडीमागच्या फरशीवर आज उडालेलं तेल ओल्या फडक्याने निघतं. वर्षभरापूर्वीचं घासणीलाही दाद देत नाही, तिथे पिवळट, चिवट पापुद्रा झालेला असतो. तेल तेच, वय वेगळं.

चित्रावर मूळ रंग शंभर-दीडशे वर्षं मुरला असेल आणि मग कोणी त्यावर नवा हात मारला असेल, तर वरचा थर तुलनेने कोवळा राहतो. शिवाय दोन्हींच्या मध्ये बहुधा जुन्या वॉर्निशचा थर असतो, म्हणजे भाकरी थापताना परातीला चिकटू नये म्हणून मध्ये पीठ असावं तसा. संवर्धक कापसाच्या बोळ्याला असं द्रावक लावतो, की कोवळा थर सुटेल आणि मुरलेला जागचा हलणार नाही. जिथे द्रावक चालत नाही तिथे सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेचं पातं चालवायचं. दिवसभरात तळहाताएवढी जागा झाली तरी पुष्कळ.

देवमासा पुसला कशासाठी? जाणकारांचा अंदाज असा, की कोणा मालकाला दिवाणखान्यात मेलेलं जनावर नको झालं असावं, किंवा कोणा व्यापाऱ्याला वाटलं असावं की त्याशिवाय चित्र लवकर खपेल. मला दुसरा अंदाज जास्त पटतो. देवमाशाच्या चित्रांचा इतिहास पाहिला तर विकणारा आणि विकत घेणारा ही जोडी पावलोपावली भेटते.

न पाहिलेला प्राणी

ज्या युरोपाने देवमाशाच्या तेलावर दिवे लावले, त्या युरोपाला देवमासा दिसतो कसा हे शतकानुशतकं ठाऊक नव्हतं. हे विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. समुद्रात त्याची पाठ दिसते, फवारा दिसतो, बुडी मारताना शेपटी दिसते. पूर्ण देवमासा दिसतो तो किनाऱ्याला लागल्यावर, आणि तोवर त्याचा आकार बिघडलेला असतो.

विहिरीतून घागर ओढताना हा अनुभव येतो. भरलेली घागर पाण्यात असेपर्यंत हाताला हलकी लागते, काठाबाहेर आली की मणाची होते. देवमाशाचं शरीर जन्मभर पाण्याने उचलून धरलेलं असतं. वाळूवर आला की त्याचंच वजन त्याच्या फुप्फुसांवर बसतं. मेल्यावर तो पसरतो, एका कुशीवर कलतो, पुढे आतल्या वायूंनी फुगतो. चित्रकार धावतपळत येऊन जे पाहतो ते देवमाशापेक्षा ओल्या गोणीला जवळचं असतं.

कधीकधी गोणीही नशिबात नसते. १५२० च्या हिवाळ्यात जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर नेदरलँड्सच्या झीलंड भागात मुद्दाम गेला, तिथे प्रचंड देवमासा लागल्याचं कानावर आलं होतं म्हणून. थंडीतला, बोटीचा, जिवावर बेतणारा प्रवास. पोहोचला तोवर भरतीने देवमासा परत नेला होता. हा तोच ड्यूरर, ज्याने पाच वर्षांपूर्वी गेंड्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं होतं, तेही गेंडा न पाहता. तो गेंडा गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून त्याला जहाजावर चढवलं आणि मे महिन्यात लिस्बनला उतरवलं. ड्यूररपर्यंत पोहोचलं ते पत्र आणि एक कच्चं रेखाटन. त्यावरून त्याने गेंड्याला चिलखत घातलं, खांद्यावर एक जादा शिंग बसवलं, आणि पुढची अडीचशे वर्षं युरोप गेंड्याला तसाच समजत राहिला.

देवमाशाच्या बाबतीत अशी चूक केली हेंड्रिक गोल्त्झियसने. १५९८ मध्ये हॉलंडच्या किनाऱ्याला स्पर्म व्हेल जातीचा देवमासा लागला. गोल्त्झियसचं रेखाटन उत्तम आहे. वर चढणारी माणसं आहेत, मापं घेणारी आहेत, बघे तर अमाप. पण देवमाशाचा पर डोळ्याच्या इतका जवळ आलाय, की तो कानासारखा दिसतो. त्यावरून याकोब माथामने तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम केलं, छापे निघाले, त्यांच्यावरून इतरांनी नकला केल्या, आणि कानवाला देवमासा पुस्तकांतून फिरत राहिला. नक्कल करणाऱ्याला ताडून बघायला खरा देवमासा मिळणार कुठून?

'मोबी डिक' लिहिणारा हर्मन मेल्व्हिल स्वतः व्हेलशिकारी जहाजावर राबलेला माणूस. १८५१ च्या या कादंबरीत त्याने देवमाशाच्या चुकीच्या चित्रांची झाडाझडती घ्यायला एक प्रकरण खर्ची घातलंय, आणि त्यात पहिल्याच फेरीत आपल्या घारापुरीला ओढलंय. तिथल्या लेण्यातला मत्स्यावतार हे देवमाशाचं सर्वांत जुनं चित्र, पण शेपटी साफ चुकलेली, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी, की घारापुरीची लेणी शंकराची. तिथे मत्स्यावतार शोधायला गेलेला माणूस संध्याकाळच्या लाँचने हात हलवत परतेल. मेल्व्हिल हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. न पाहिलेल्या चित्रावरून, न पाहिलेल्या प्राण्याच्या चित्रकारांना त्याने झोडपलं!

तेलाचं गाव, कापडाचं चित्र

मग देवमाशाचं चित्र सुधारलं कधी? देवमासा मारायला माणसं समुद्रात जाऊ लागली, आणि त्यांतल्या काहींना चित्र काढता येत होतं तेव्हा.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचं बंदर आहे. १८५७ मध्ये या एका गावाची ३२९ जहाजं देवमाशांच्या मागे जगभर फिरत होती. गावाच्या मुद्रेवर लॅटिन बोधवाक्य आहे, अर्थ 'मी उजेड पसरवतो'. ते खोटं नव्हतं. दीपगृहं, रस्त्यावरचे दिवे, गिरण्यांमधल्या चात्यांचं वंगण, सगळीकडे देवमासा होता. स्पर्म व्हेलच्या डोक्यात एक मेणचट तेल असतं. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते ना, तसं ते हवा लागली की पांढरं धरतं. त्याच्या मेणबत्त्या इतक्या स्थिर जळायच्या, की १८६० मध्ये इंग्लंडच्या कायद्याने उजेडाचं मापच त्यावर बेतलं: एक षष्ठांश पौंड वजनाची, तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास जळणारी मेणबत्ती देईल तो उजेड एक 'कँडलपॉवर'. आपल्याकडे जुनी माणसं 'साठ कँडलचा बल्ब' म्हणत, त्यातला 'कँडल' मुळात हा.

याच गावात बेंजामिन रसेल हा चांगल्या खात्यापित्या घरातला माणूस कर्जात बुडाला आणि १८४१ मध्ये 'कुतुसॉफ' नावाच्या जहाजावर चढला. साडेतीन-चार वर्षांनी जगाला वळसा घालून परतला तो वह्याभर रेखाटनं घेऊन. चित्रकला शिकलेला नव्हता. त्याने कॅलेब पुरिंग्टन या रंगाऱ्याला, घरं आणि पाट्या रंगवणाऱ्याला, जोडीला घेतलं, आणि दोघांनी मिळून १८४८ मध्ये एक अचाट वस्तू तयार केली: साडेआठ फूट उंच आणि १,२७५ फूट लांब चित्र. पंधरा डब्यांची लोकल फलाटावर उभी केली तरी हे चित्र तिच्या पुढे उरेल. आज मापाला मिळतं ते एवढं.

हे भिंतीवर लावायचं चित्र नव्हतंच. सुती कापडाच्या पट्ट्या शिवून लांबलचक पट केला होता आणि तो दोन उभ्या रुळांवर गुंडाळला होता. अंधाऱ्या सभागृहात तिकीट काढून लोक बसायचे, एक रूळ फिरवला की पट सरकायचा आणि बाजूला उभा राहिलेला माणूस कथा सांगायचा. न्यू बेडफर्डचं बंदर मागे पडायचं, मग अझोर्स बेटं, केप व्हर्देचा ज्वालामुखी, रिओ, केप हॉर्नच्या लाटा, ताहिती, हवाई. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे करत रामायण सांगतात, त्याची ही यांत्रिक बहीण. चित्रपटाला अजून जवळपास पन्नास वर्षं होती, पण 'चित्र' आणि 'पट' दोन्ही तिथे हजर होते.

रंग होता सरसात कालवलेला, संगीत नाटकांच्या रंगवलेल्या पडद्यांना असायचा त्या जातीचा. स्वस्त, पटकन वाळणारा आणि दिव्याच्या उजेडात न चमकणारा. पण सरस म्हातारा झाला की ठिसूळ होतो. पट गुंडाळताना प्रत्येक वेळी कापड वाकणार, रंग वाकणार नाही, तो भुकटी होऊन गळणार. म्हणजे दाखवणं हेच चित्राचं मरण. न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियमने बरीच वर्षं त्याची डागडुजी केली आणि २०१८ च्या उन्हाळ्यात तो पट न फिरवता, पूर्ण उलगडून टांगला. एवढी लांब जागा मिळाली ती एका जुन्या कापडगिरणीत. देवमासे संपत आले तसा गावाने पैसा सूतगिरण्यांत घातला होता, पुढे गिरण्याही बसल्या. लालबाग-परळच्या माणसाला पुढचं सांगायला नको.

चित्र वाचायचं कसं

कलेच्या फूटपट्टीने मोजलं तर रसेल बेतास बात. त्याची माणसं लाकडी, लाटा कंगव्याने विंचरल्यासारख्या. पण त्याच्या चित्रात एक दोर चुकीच्या जागी सापडणार नाही. त्याचं गिऱ्हाईक कोण होतं? जहाजमालक, कप्तान, खलाशी. या लोकांना ढग कसेही चालतील, शीड चुकलं तर ते चित्र घरात घेणार नाहीत. बैलगाडीचं चित्र शेतकऱ्याला दाखवून बघा, आधी तो जू बघेल.

म्हणून ही चित्रं वाचता येतात.

आधी फवारा बघायचा. हे पाणी नसतं, देवमाशाचा उच्छ्वास असतो. आतली दमट, गरम हवा जोरात बाहेर पडते आणि तिची वाफ दिसते. स्पर्म व्हेलची नाकपुडी एकच, डोक्याच्या टोकाशी, तीही डावीकडे. त्यामुळे फवारा बुटका आणि पुढे-डावीकडे झुकलेला. राइट व्हेलच्या दोन नाकपुड्या, म्हणून फवारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा फाकलेला. डोलकाठीवर टेहळणीला बसलेला माणूस मैलभरावरून यावर जात ओळखायचा. फवारा चुकलेलं चित्र किनाऱ्यावर बसून काढलंय, हे तिथल्या तिथे कळतं.

मग होडी. जहाज मोठं, पण शिकार व्हायची ती अठ्ठावीस-तीस फुटी होड्यांतून, एका होडीत सहा माणसं. नाळेवर कोण उभा आहे ते पाहा. हारपून हाणणारा उभा असेल तर शिकार नुकती सुरू झालीय. हारपूनने देवमासा मरतो, हा आपला सर्वांत मोठा गैरसमज. हारपून म्हणजे गळ. तो फक्त अडकवायचा. १८४८ मध्ये न्यू बेडफर्डच्याच लुईस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराने त्याला फिरतं टोक बसवलं. आत जाताना सरळ, ओढ बसली की आडवं, गुंडीघरातून निघालेली लाकडी गुंडी आडवी होऊन अडकते तसं. त्याने पेटंट घेतलं नाही, आणि धंदा भरभराटीला आला तो इतरांचा.

हारपून लागला की होडीतले दोघे जागा बदलायचे. सुकाणूवरचा मुख्य माणूस, आपल्याकडचा तांडेल म्हणा, तो पिछाडीहून नाळेवर यायचा आणि हारपूनवाला मागे सुकाणू धरायला जायचा. देवमासा होडीला फरफटवत नेत असताना, हेलकावणाऱ्या तीस फुटांत, मधल्या चार वल्हेकऱ्यांना ओलांडून! मेल्व्हिलला हा प्रकार शुद्ध मूर्खपणा वाटायचा, आणि मलाही त्यात शहाणपण दिसत नाही. पण रिवाज तो रिवाज. पुढे आलेल्या तांडेलाच्या हातात लांब भाला. मारायचं काम त्याचं. म्हणजे भाला दिसला की समजावं, शेवट जवळ आला.

होडीच्या पिछाडीला एक खुंटा असतो, दोर त्याला वेढा घालून धावतो. घर्षणाने तिथून धूर निघतो, म्हणून एकजण त्यावर पाणी ओतत असतो. रसेलच्या वळणाच्या चित्रांत असला तपशील सुटत नाही. शहरात बसून काढलेल्या चित्रांत होडी देवमाशाच्या जबड्यात, माणसं हवेत, सगळं थरारक. फक्त दोर कशाला बांधलाय ते कळत नाही.

आणि दूर जहाजातून काळा धूर निघत असेल, तर जहाजाला आग लागलेली नाही, तिथे चूल पेटलीय. देवमासा जहाजाला बांधून त्याची चरबी संत्र्याच्या सालीसारखी गोल गोल सोलून काढायची, तुकडे करायचे आणि डेकवरच्या विटांच्या भट्टीत लोखंडी काहिलींमध्ये कढवायची. घरी लोणी कढवून तूप करतो तीच क्रिया. तुपाखाली बेरी उरते, तशी चरबीची कुरकुरीत बेरी उरायची, आणि तीच पुन्हा भट्टीत जळण म्हणून जायची. देवमासा स्वतःच्याच सरपणावर कढायचा. लाकडी जहाजावर आग, म्हणून भट्टीखाली पाण्याचा हौद. दोन-तीन दिवस अहोरात्र हे चालायचं, आणि वास असा, की व्हेलशिकारी जहाज दिसण्याआधी नाकाला कळे म्हणतात. चित्राला वास नसतो हे खरेदीदारांच्या पथ्यावरच पडलं.

चौकट : व्हेलशिकारीचं चित्र समोर आलं तर

• फवारा झुकलेला, एकच : स्पर्म व्हेल. दुहेरी, फाकलेला : राइट व्हेल किंवा त्याचा उत्तरेकडचा भाऊ बोहेड.
• नाळेवरच्या माणसाच्या हातात काय? हारपून : सुरुवात. भाला : शेवट.
• मेलेल्या देवमाशावर खोचलेलं निशाण : 'हा आमचा' अशी इतर जहाजांना खूण.
• जहाजावर धूर : चरबी कढतेय.
• देवमाशाला कान : चित्रकाराने दुसऱ्या चित्रावरून चित्र काढलंय.

तेलवाल्याने रंग पुसला

या सगळ्याच्या उलट टोकाला टर्नर. इंग्लंडचा हा सर्वांत मोठा समुद्रचित्रकार सत्तरीला टेकला असताना, १८४५ आणि १८४६ मध्ये त्याने व्हेलशिकारीची चार चित्रं प्रदर्शनात मांडली. शिकार त्याने पाहिलेली नव्हती, आधार होता टॉमस बील या जहाजी डॉक्टरच्या पुस्तकाचा. आज तीन चित्रं लंडनच्या टेट संग्रहात आहेत, एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये. त्यांत दोर शोधू नका. धुकं आहे, फेस आहे, एक काळपट ढिगारा वर येतोय, तो देवमासा असावा असं आपण मानायचं. एका चित्रात बर्फात अडकलेल्या जहाजांवर चरबी कढतेय, पांढऱ्या-निळ्या थंडीत तो तांबूस जाळ. रसेल सांगतो काय घडलं. टर्नर सांगतो, खारं पाणी डोळ्यांत गेलेल्या माणसाला ते कसं दिसलं असेल.

ही चित्रं त्याने गिऱ्हाईक म्हणून ज्याच्यावर नजर ठेवून काढली, तो एल्हानन बिकनेल व्हेल-तेलाचा बडा व्यापारी होता, आणि त्याच्या घरात टर्नरची बरीच चित्रं होती. त्याने एक चित्र घेतलं आणि परत केलं. त्या काळच्या एका पत्रात कारण आलंय: तैलचित्र म्हणून घेतलेल्या त्या चित्रात जलरंगाचे हात आहेत असं बिकनेलला आढळलं, आणि त्याने रुमालाने घासून थोडा रंग पुसूनही पाहिला. भेसळ ओळखणं हा तेलवाल्याचा धंदाच होता.

वहीतल्या शेपट्या

संग्रहालयांच्या भिंतींवर नसलेली, पण मला सर्वांत आवडणारी देवमाशाची चित्रं बोटाएवढी आहेत. जहाजावर रोजची नोंदवही असे: तारीख, अक्षांश-रेखांश, वारा, काय दिसलं. लिहायचा कंटाळा म्हणा, हौस म्हणा, खलाशी लाकडाचे नाहीतर देवमाशाच्याच हाडाचे शिक्के कोरायचे. देवमासा मारला की वहीच्या कडेला अख्ख्या देवमाशाचा शिक्का. त्याच्या पोटात पांढरी जागा सोडलेली असे, तिथे किती पिंपं तेल निघालं तो आकडा लिहायचा. हातून निसटला, तर नुसती वर उठलेली शेपटी.

किराणा दुकानाच्या खतावणीसारखं पान पुढे येतं. जमा, जमा, बुडीत, जमा. मागे समुद्र नाही, आभाळ नाही, पण हा देवमासा अचूक आहे, कारण याच्यावर पगार ठरायचा. खलाशांना महिना पगार नव्हता, आलेल्या तेलात ठरलेला वाटा असे. साध्या खलाशाचा दीडशे-दोनशेवा हिस्सा, आणि त्यातून कपडे-तंबाखूची उधारी वजा.

या वह्यांचं पुढे जे झालं ते लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. 'आज वारा सुसाट, नैर्ऋत्येकडून' असली नोंद कप्तानाने स्वतःसाठी केली होती. वूड्स होलची समुद्रविज्ञान संस्था आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं डार्टमथ केंद्र इथले अभ्यासक आता त्या शब्दांचे आकडे करतायत. 'मंद झुळूक', 'जोराचा वारा', 'वादळ' हे खलाशांचे ठरीव शब्द वाऱ्याच्या वेगाच्या मापपट्टीवर बसवता येतात. व्यापारी जहाजं ठरलेल्या वाटेने जात, देवमाशामागची जहाजं मात्र दक्षिणेकडच्या ओसाड समुद्रांतही भटकायची. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तिथे वारे कसे वाहत होते, हे सांगणारं दुसरं फारसं कोणी नाही.

धंदा संपला त्याला कारणं अनेक. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघालं आणि रॉकेल स्वस्त झालं. मग अमेरिकेच्या यादवी युद्धात जुनी व्हेलशिकारी जहाजं दगड भरून चार्ल्सटनच्या खाडीत बुडवली गेली, शत्रूची वाट अडवायला. उरलेली जहाजं बोहेडमागे आर्क्टिकमध्ये गेली आणि सप्टेंबर १८७१ मध्ये अलास्कापाशी बर्फाने ३३ जहाजं एकदम कोंडली. १,२१९ माणसं, त्यांत कप्तानांची बायकामुलं, होड्यांत बसून दक्षिणेला थांबलेल्या जहाजांपर्यंत पोहोचली. एकही दगावलं नाही. त्या प्रसंगाची छापील चित्रं निघाली ती कोणाची? सदुसष्ट वर्षांच्या बेंजामिन रसेलची. ज्याने धंद्याची भरती रंगवली, त्यानेच ओहोटीही छापून विकली.

आणि त्या शेपट्या? निसटलेल्या देवमाशांचं वहीत पुढे काही लिहिलेलं नसतं. पण एकाचं कळलं. मे २००७ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला इनुपियात लोकांनी त्यांच्या परंपरेच्या, कायद्याने मान्य असलेल्या शिकारीत एक बोहेड मारला. कापताना करवत चरबीत खोल रुतलेल्या लोखंडाला अडली. तो स्फोटक भाल्याचा तुकडा निघाला. त्याच्या घडणीवरून जाणकारांनी ओळखलं: पेटंट १८७९ चं, तयार केलेला न्यू बेडफर्डमध्ये. त्यावरून देवमाशाचं वय ११५ ते १३० वर्षं धरलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुठल्यातरी जहाजावर कोणीतरी वही उघडली असेल, शिक्का शाईत बुडवला असेल, आणि पानाच्या कडेला एक शेपटी उमटवली असेल.